सगळेच ओळखीचे

मी ज्या पाळणाघरात बाळं सांभाळते, त्याच्या दारावर माझी आत्या एकोणीस वर्षं होती. कोणतं मूल कुणाच्या हाती द्यायचं, हे तिच्या नजरेवर चालायचं. दाढी काढून आलेला बाप असो की केस कापलेली मावशी, ती बरोबर हेरायची. चेहरा नवा दिसला की मूल आतच. तिचा तोरा काही विचारू नका.

मग ती तापाने महिनाभर दवाखान्यात पडली. परत आली ती हसतमुख. मला तिथेच शंका यायला हवी होती.

"मला सगळेच ओळखीचे वाटतात गं," तिने हळूच सांगितलं. "पोस्टमन, रस्त्याने जाणारा कुणीही. डॉक्टर म्हणाले, चेहरा पाहिलेला की नवा हे ठरवणारी मेंदूतली जागा दुखावलीय. मालकीणबाईंना सांगू नकोस. हे दार गेलं तर घरी बसून मी करू काय?"

मी बाईंना सांगितलं नाही, पण माझा जीव थाऱ्यावर राहिना. आत बाळांना भरवताना कान दाराकडे. बेल वाजली की चमचा टाकून पळायचं. तिचा राग यायचा, माझाही यायचा.

आत्याने युक्ती काढली. कुणाला न्यायला आलात ते आतूनच विचारायचं, आणि ते मूल कडेवर घेऊनच दार उघडायचं. घरचं माणूस असलं की मूल झेपावतं; नवा चेहरा असला की टक लावून बघत बसतं. दोन आठवडे तिचं निभावलं.

मग एका दुपारी सव्वा वर्षाच्या चिमणीला न्यायला एक माणूस आला. "मी तिचा बाबा," म्हणाला. चिमणी डोळे विस्फारून त्याच्याकडे बघतच राहिली. आत्याने धाडकन दार लावलं. तो बाहेरून दार बडवू लागला, मी चिमणीच्या आईला फोन केला.

ती धावत आली. तो खरंच बाप होता. आठ महिन्यांनी जहाजावरून परतला होता आणि न सांगता आला होता. पायरीवर बसून तो रडत होता, "माझी पोर मला ओळखत नाही."

आत्याने त्याला पाणी दिलं. दार बडवल्याचा आवाज ऐकून आलेल्या मालकीणबाई शेजारीच उभ्या होत्या.

"मी ओळखलं होतं तुम्हाला," आत्या म्हणाली. "जायच्या आधी तुम्हीच तिला सोडायला यायचात. पण ते खरंच आठवलं, की नुसतं वाटलं, हे मला आता कळत नाही."

आणि दाराची किल्ली तिने स्वतःच बाईंच्या हातात ठेवली.