त्यांचं नाक कुणी घेतलंय?

माझ्या वडिलांनी अख्ख्या कर्जत-खालापुरातल्या मेलेल्या माणसांचे चेहरे काढले. माझ्या आईचा सोडून.

आज अण्णांची पुण्यतिथी. सकाळपासून त्यांच्या फोटोसमोर उभी आहे आणि दरवर्षीसारखी चिडलेली आहे. इतक्या वर्षांत शांत व्हायला हवं होतं. नाही झाले.

ज्यांना अण्णा माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. दहिवलीचे पेंटर अण्णा. शाळा अर्धवट, चित्रकला कुणी शिकवली नाही. पन्नासच्या दशकात दुकानांच्या पाट्या रंगवता रंगवता माणसं काढायला लागले.

नाव झालं ते मात्र वेगळ्याच कामानं.

तेव्हा गावात फोटो कुणाचा असायचा? माणूस गेला की चेहराही गेला. मग वर्षश्राद्ध जवळ आलं की घरचे अण्णांकडे यायचे. "अण्णा, आमच्या बाचा फोटो काढून द्या." चित्राला फोटोच म्हणायचे.

अण्णा त्या घरी जायचे, सगळ्या नातेवाइकांना ओटीवर बसवायचे आणि पहिला प्रश्न विचारायचे,

"त्यांचं नाक कुणी घेतलंय?"

की झाली भांडणं सुरू!

"नाक थोरल्यानं घेतलंय."

"थोरल्याचं कसलं, ते आईच्या वळणाचं हाय. धाकटीकडं बगा!"

"कपाळ आत्याचं धरा रं, एकदम तसंच."

असं एकाचं नाक, दुसरीची हनुवटी घेत जिवंत माणसांतून मेलेला माणूस उभा राहायचा. मग फर्माइशी. जरा उजळ करा. कोट घाला. जन्मभर लंगोटीवर शेत कसलेला म्हातारा भिंतीवर कोट घालून बसायचा.

चेहरे ऑर्डरचे. बाकीचा माणूस अण्णा स्वतःसाठी काढायचे.

खांदा पाठीला कुठे जुळतो, वाकल्यावर कंबर कुठे मोडते, हे दाखवणारं कुणी नव्हतं. भाताची आवणी चालू असली की बांधावर उभं राहून वाकलेल्या बायका बघायचे आणि कागदावर उतरवायचे. बायका ओरडायच्या, "अण्णा, बगताय काय? या की चिखलात!"

त्यांची ट्रंक अशा चित्रांनी भरलेली. सगळी पाठमोरी.

मी एकदा विचारलं, सगळ्यांच्या पाठीच का?

म्हणाले, "समोरून काढायला बसलं की मानूस सावध होतो गं. पाठीला कळत नाय कोन बघतंय ते."

आई तापानं गेली तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. मला ती आठवत नाही. अजिबात नाही.

वर्षश्राद्धाच्या आधी खालापूरहून आजी आली, आईची आई. म्हणाली, "जावईबापू, दुनियेचे फोटो काढता. आता माज्या लेकीचा काढा."

मला ओटीवर बसवलं. आजी म्हणाली, "नाक हिनं घेतलंय."

अण्णांनी माझं नाक काढलं. मग पेन्सिल ठेवली आणि उठून बाहेर गेले. आजी रडत परत गेली.

गाव बोललंच. दिव्याखाली अंधार म्हणाले. मी दर दिवाळीला हट्ट करायचे, "अण्णा, आईला काढा ना." ते विषय बदलायचे.

मोठी झाल्यावर एकदा कारण सांगितलं. भिसेगावच्या एका काकूंच्या नवऱ्याचं चित्र त्यांनी काढून दिलं होतं. काही वर्षांनी त्या बाजारात भेटल्या. म्हणाल्या, "अण्णा, फोटो बेस झाला. पन आता मालक आठवायला गेलं की तुमचा फोटोच डोल्यांपुढं येतो. त्यांचं खरं तोंड कुटं गेलं वो?"

"तुज्या आईला काढली असती," अण्णा म्हणाले, "तर माज्याकडं चित्रच उरलं असतं."

"तुमच्याकडं! आणि माझ्याकडं काय उरलं?"



माझा राग हाच आहे. त्यांच्याकडे जपायला एक चेहरा होता. माझ्याकडे विसरायलाही काही नव्हतं.

ऐंशीच्या दशकात स्टुडिओतले रंगीत फोटो आले आणि ऑर्डरी संपल्या. मग अण्णांनी अंथरूण धरलं. मी नेरळला सासरी होते, त्यांना बघायला येऊन राहिले.

एका दुपारी स्वतःच म्हणाले, "कागद आन. तिला काढतो."

मी धावत कागद-पेन्सिल आणली. अण्णा उशीला टेकून काढत राहिले. मग कागद लांब धरून कितीतरी वेळ बघत बसले.

"ही ती नाय."

खोडलं. परत काढलं.

"नाय गं. सारकी तूच येतेस."

रोज मला बघत मोठं केलं होतं त्यांनी. तिच्यासारखी, तिच्यासारखी म्हणत. बघता बघता तिच्या चेहऱ्यावर माझा चेहरा बसला होता. चित्र काढलं नाही, भिंतीवर लावलं नाही, तरी काकूंचं झालं तेच अण्णांचं झालं.

अण्णा ढसाढसा रडले. मला राग आला होता आणि त्यांचा हात सोडवत नव्हता.

जरा वेळानं ट्रंककडे बोट दाखवलं. मी एकेक कागद काढत गेले. एकाशी थांबवलं.

आवणीतली वाकलेली बाई. लुगडं खोचलेलं, अंबाडा एका बाजूला कललेला.

"तुजी आई. लगीन होऊन आली त्या सालची. मी काढतोय ते तिला ठाव पन नव्हतं."

तेच चित्र आज आमच्या भिंतीवर आहे. शेजारी अण्णांचा स्टुडिओतला फोटो. गळ्यापर्यंत बटणं लावून, एकदम सावध बसलेत. माझे अण्णा असे नव्हतेच.

घरी येणारे विचारतात, "ही बाई पाठमोरी का?"

मी सांगते, कामात आहे.

अण्णा, राग आहे. पण हार दोघांना सारखाच घातलाय. नमस्कार करते.

आई, एकदा वळून बघ ना गं.