डार्लाने लग्नात वाजवलेली धून

समजा, फोन कानाला लावून तुम्हाला नुसती वाट बघायची आहे. पलीकडे पियानोचे चार गोड सूर, मग बासरी, मग पुन्हा तेच. मध्येच एक बाई लाडात सांगते, ‘तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.’ शेजारच्या खोलीत तुमचा नवरा खोकतोय. फोन ठेवलात, तर पुन्हा रांगेत शेवटी.

डार्ला स्टकीने सबंध हिवाळा विमा कंपनीच्या फोनवर अशी वाट बघितली. ओहायो नदीकाठच्या आमच्या गावात ती चर्चचा ऑर्गन वाजवते. माइक-स्पीकर मी सांभाळतो. तिचा नवरा व्हर्जिल कारखान्यात वेल्डर होता. त्याच्या फुफ्फुसाचं स्कॅन ताबडतोब करा, असं दवाखान्यातली डॉक्टरीण सांगत होती. विमा कंपनीचा डॉक्टर ‘गरज नाही’ म्हणत होता, आणि त्याच्या मंजुरीशिवाय स्कॅन होणार नव्हतं. त्याने व्हर्जिलला कधी पाहिलंही नव्हतं.

शेवटी मंजुरी आली, तेव्हा व्हर्जिलच्या थडग्यावरची माती अजून बसायची होती.

भांडून भांडून तिने त्या डॉक्टरचं नाव तेवढं मिळवलं. कीथ हॅलोरन. आणि जूनमध्ये त्याच्याच मुलीचं लग्न आमच्या चर्चमध्ये ठरलं. मुलगा आमच्या गावचा.

“डार्लाबाई, त्या दिवशी वाजवायला दुसऱ्या कुणाला बोलावू का?” पास्टरांनी विचारलं.

“छे हो, मी खास बसवलंय काहीतरी.”

लग्नाच्या दिवशी बाकं भरली. हॅलोरन मुलीचा हात धरून दारात उभा राहिला. डार्लाने वाजवायला सुरुवात केली. चार गोड सूर. मग तिने ऑर्गनचा बासरीच्या आवाजाचा खटका ओढला.

मागच्या बाकावरून म्हातारा ह्यूबर्ट ओरडला, “अगं, हे तर विमेवाल्यांच्या फोनवरचं!”

“गप बसा. तुमचा गुडघा अजून मंजूर व्हायचाय,” त्याची बायको म्हणाली.

कारखान्यातल्या सगळ्यांचा विमा त्याच कंपनीचा. कुणीतरी मूठ कानाला लावली. हसू बाकाबाकांतून पसरत गेलं. धून संपली, पुन्हा सुरू झाली. नवरीने उचललेलं पाऊल मागे घेतलं.

हॅलोरन तरातरा ऑर्गनपाशी आला. “बाई, लग्नाची धून वाजवा!”

डार्ला माइककडे झुकली. मी आवाज कमी करायला हवा होता. वाढवला.

“तुमचं लग्न आमच्यासाठी महत्त्वाचं आहे. कृपया थांबा.”

“तुम्हाला हवंय काय?”

“उत्तर. व्हर्जिल स्टकी. नाही म्हणण्याआधी त्याची फाईल उघडली होतीत?”

“रोज ढिगाने येतात. कसं आठवणार?”

“मग आठवेपर्यंत थांबा.” तिने पुन्हा तेच चार सूर धरले.

आता कुणी हसत नव्हतं. नवरी स्वतःच पुढे आली. “बाबा, सांगून टाका ना.”

हॅलोरनने मनगटावरचं घड्याळ बघितलं.

“पोरी, माझं भांडण तुझ्याशी नाही,” डार्ला म्हणाली. “मागे जा आणि दिमाखात ये.” मग तिने लग्नाची धून अशी वाजवली, की खिडक्यांच्या काचा थरथरल्या. पण बाप-लेक चालत असताना मागची बाकं विमेवाल्यांचीच धून गुणगुणत होती.

आता हॅलोरनच्या नातवाचा बाप्तिस्मा आहे. इथेच. डार्ला त्याच चार सुरांची तालीम करतेय. मधेच थांबून मला विचारते, “तूच सांग रे, त्याने ती फाईल उघडली तरी असेल का?”