भाऊजींनी यकृताला दिलेली सुट्टी

आमचे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, लाकडाला पॉलिश करतात. हात सोन्याचा, पण डोकं लाकडाचंच, असं मी त्यांना तोंडावर म्हणते. मेहुणीला तेवढा हक्क असतो.

त्यांना आणि ताईला, दोघांनाही एचआयव्ही आहे. रात्री जेवण झालं की दोघं गोळ्या घेतात, आणि संसार व्यवस्थित चाललाय. भाऊजींच्या यकृतात हिपॅटायटिस बीचाही विषाणू आहे. याच गोळ्या दोन्ही विषाणूंना दाबून ठेवतात, हे डॉक्टरांनी समजावलं, तेव्हा हे महाशय टेबलाचं उडालेलं पॉलिश न्याहाळत होते. मान मात्र डोलावत होते.

मग एका तपासणीत यकृताचे आकडे थोडे वाढलेले निघाले. डॉक्टरांनी पुन्हा तपासायला बोलावलं होतं, पण भाऊजींनी कारागिराचं डोकं चालवलं. खराब थरावर नवा थर चढवायचा नाही; सगळं खरवडायचं आणि लाकडाला हवा खाऊ द्यायची, हा त्यांचा धंद्यातला नियम. गोळ्यांनीच यकृत बिघडलं असं धरून तोच त्यांनी यकृताला लावला. गोळ्या गुपचूप बंद. ताईसमोर गोळी तोंडात टाकायची आणि मोरीत जाऊन थुंकायची.

काही आठवड्यांनी त्यांची अन्नावरची वासना उडाली आणि डोळे पिवळे झाले. मी त्यांना जवळजवळ ओढतच दवाखान्यात नेलं. गोळ्या चालू आहेत ना, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा भाऊजी ताईकडे बघायला लागले. आम्ही काय ते समजलो. गोळ्या थांबल्यावर हिपॅटायटिस बीच्या विषाणूला मोकळं रान मिळालं आणि कावीळ उसळली होती. यकृत तग धरेल की नाही, हे डॉक्टरांनाही सांगता येईना.

त्यांना दाखल करून घेतलं, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. ताई उशापायथ्याशी बसून सगळं करत होती, पण नवऱ्याशी अवाक्षर बोलत नव्हती. तिचा राग मला पटत होता. मीच दोन शब्द जास्त सुनावले असते, पण त्यांचा चेहरा बघून पाणी आणायला उठले.

हळूहळू आकडे उतरले, डोळे निवळले. यकृत सावरतंय, आता मनाने काही बंद करायचं नाही, असं बजावून डॉक्टरांनी घरी सोडलं. ताईने पिशवी भरली, चपला त्यांच्या पायाशी सरकवल्या आणि इतक्या दिवसांनी तोंड उघडलं.

"चला घरी. मला तुमच्याशी भांडायचंय. आणि त्याला बरीच वर्षं लागणार आहेत."

भाऊजी हसायला गेले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. ताईने त्यांना रडू दिलं. मग त्यांचा हात धरून ती जिना उतरायला लागली.