गुरुवारच्या नळ्या

इजिप्तमधल्या दमनहूरच्या सरकारी दवाखान्यात जंतू ओळखायचे ते रागिबने, हे बावीस वर्षं ठरलेलं होतं. नळीतला रंग बघायचा, भुवई उडवायची, नाव सांगून मोकळं व्हायचं. प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टर सनाबाई नव्या माणसांना सांगायच्या, ‘‘शंका आली की रागिबला दाखवा.’’ पगारापेक्षा त्याचा जीव या वाक्यावर होता.

मग निहाल आली. पोरगी हुशार, वर नम्र; म्हणजे राग काढायलाही जागा नाही. महिन्याभरात बाई म्हणू लागल्या, ‘‘निहालला दाखवा.’’ तेव्हापासून रागिबला पुदिन्याचा चहा कडू लागू लागला.

अशात पावाची भट्टी चालवणाऱ्या शाबानचा नमुना आला. आठवडाभर ताप आणि जुलाब. त्यातला जंतू निहालने गुरुवारी युरियाच्या नळीत सोडला. नळी गुलाबी झाली तर जंतू बिनत्रासाचा. पिवळीच राहिली तर साल्मोनेलाचा संशय, मग शाबानने पावाला हात लावायचा नाही. शुक्रवारी सुट्टी. शनिवारी सगळ्यांच्या आधी येऊन रागिबने नळी पाहिली, तर गुलाबी. आणि निहालच्या वहीत लिहिलेलं, पिवळी.

त्याला नाश्ताही सुचला नाही. नळी घेऊन तो थेट बाईंसमोर. ‘‘रंग कळत नसेल तर विचारावं माणसानं. आम्ही काय मेलोय?’’

‘‘काका, मी काल नमाजानंतर येऊन बघितली,’’ निहाल म्हणाली. ‘‘तेव्हा पिवळी होती. दिवसापेक्षा जास्त ठेवली की ती उगाचच लाजते.’’

बाईंनी कुणाचीच बाजू घेतली नाही. त्याच जंतूची नवी नळी लावली. रविवारी पिवळी. मुद्दाम ठेवून दिली, तर सोमवारी गुलाबी. पुढच्या तपासण्यांतही साल्मोनेलाच निघाला. शाबानची भट्टी त्याच्या भावाने सांभाळली.

ज्यांच्या नळ्या रागिबने शनिवारीच बघितल्या, ते बावीस वर्षांतले सगळे गुरुवार त्याच्यापुढे रांग लावून उभे राहिले. पण खरं झोंबलं ते वेगळंच. त्याने पहारेकऱ्याला गाठलं: तिला सुट्टीच्या दिवशी प्रयोगशाळेची किल्ली कशी दिली?

‘‘तुम्ही कधी मागितली?’’ पहारेकरी म्हणाला.

पुढच्या शुक्रवारी नमाज संपताच रागिब जेवण सोडून निघाला. किल्ली खिळ्यावर नव्हती. आत निहाल नळ्या मांडून बसलेली.

‘‘तुमची मी बघितली नाही हं, काका.’’

त्याने आपली नळी बघितली. मग तिच्या सगळ्या, एकेक, उजेडासमोर धरून. एकही चूक सापडली नाही.

घरी जेवण गार झालं होतं.