डॉक्टरसाहेबांच्या गाडीला पाडलेलं भोक

बाबांचं वर्षश्राद्ध झालं, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता आईने मला विचारलं, "काहून वं, आपल्या गाडीत टेप बसते का?"

मी कप खाली ठेवला. वर्षभर ती कामापुरतंच बोलली होती आणि आता बोलली ती हे.

"बसेल की," मी म्हटलं. "पण तुला कशाला हवाय?"

"गाणे ऐकाले. दुसरं काय करतात त्यात?"

ही ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. रंगीत टीव्ही नुकता कुठे कुठे दिसू लागला होता आणि नागपूरच्या सीताबर्डीतल्या दुकानांत गाडीत बसवायचे कॅसेट स्टिरिओ काचेमागे चमकत असत. बाबा धंतोलीतले जुने डॉक्टर. त्यांची गाडी इंग्रजी बनावटीची, गडद हिरवी, पाठीला गोल, माझ्या जन्माच्या आसपास घेतलेली. ती धंतोलीत वळली की पानठेल्यावरची माणसं बिडी मागे लपवून सरळ उभी राहत. गाडीत कोण बसलंय हे कोणी बघत नसे. गाडीलाच नमस्कार घडायचा.

मला बाबा आवडत. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून कोणी मला कृतघ्न म्हणायचं. म्हटलं तरी माझी हरकत नाही. त्यांचे डोळे अधू झाले तेव्हा त्यांनी मलाच गाडी शिकवली. पोरीच्या हातात कशाला देता म्हणणाऱ्यांना त्यांनी उत्तरसुद्धा दिलं नाही. मी कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत शिकवायची. सकाळी त्यांना दवाखान्यात सोडून पुढे कामावर जायची. पण गाडीतला त्यांचा नियम कडक होता. बोलायचं नाही. चालवणाऱ्याचं लक्ष जातं म्हणे. आई कळमेश्वरकडची, भजन म्हणणाऱ्या घरातली. गाडीने जरा वेग घेतला की ती आपोआप गुणगुणायला लागायची. मग बाबा घसा खाकरायचे आणि ती गप्प व्हायची. तीस वर्षं हे असंच चाललं. ते रागावत नसत, ओरडत नसत, नुसते खाकरायचे. मला त्या खाकरण्याचा राग यायचा आणि तो राग मी गिअर बदलताना काढायची.

आईने टेपचं नेमकं तेव्हाच का विचारलं, हे कळायला मला तो दिवस लागला. आदल्या दिवशी श्राद्धाच्या पंगतीत काकांनी एक निर्णय जाहीर केला होता. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, तेही डॉक्टर. बाबांचा दवाखाना आता तेच चालवत. येत्या दसऱ्याला गाडीची पूजा करायची आणि मग ती दवाखान्याच्या पोर्चमध्ये कायमची उभी करायची, असं त्यांनी ठरवलं होतं. मागे भिंतीवर बाबांचा हार घातलेला फोटो. पेशंट येता-जाता नमस्कार करतील. पंगतीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या, दोघांतिघांनी डोळे पुसले. आईला कोणी विचारलं नाही. ती वाढत होती.

गाडी कागदोपत्री आईच्या नावावर होती. हे काकांना ठाऊक होतं, पण त्यांच्या लेखी ती कागदाची गोष्ट होती. आणि पोर्चमध्ये उभ्या केलेल्या गाडीच्या मालकिणीने काय करायचं असतं, तर घरात बसायचं असतं. आई बसायला तयार नव्हती. टेपचा प्रश्न म्हणजे तिचं काकांना उत्तर होतं, फक्त ते तिने मला दिलं. मला इतका आनंद झाला की मी त्याच संध्याकाळी सीताबर्डीवर जाऊन स्टिरिओ घेऊन आले. सोबत चार कॅसेटी, तिच्या आवडीच्या.

आता तो बसवायचा कोणी? आमच्या गाडीच्या डॅशबोर्डवर, अगदी मधोमध, रेडिओसाठी जागा ठेवलेली होती. बाबांनी गाडी घेताना रेडिओ नको म्हणून सांगितलं, तेव्हा कंपनीने तिथे पत्र्याची झाकणी लावून दिली होती. झाकणी काढली तर आतलं भोक लहान. नवा स्टिरिओ त्यात मावेना. म्हणजे डॅशबोर्डचा पत्रा कापायला हवा, आणि कापलेला पत्रा परत जुळत नाही.

दुकानदाराने आपला माणूस पाठवला. तो हत्यारांची पेटी घेऊन आला, गाडी बघितली, आणि पेटी न उघडताच म्हणाला, "हे तर डॉक्टरसायबाची गाडी आहे."

"हो. मग?"

"मग मी नाही कापत, म्याडम. माह्या बायकोले सायबानं टायफाइडातून काहाडलं. तेच्या गाडीले कानस लावू का मी?"

सदर भागातल्या मेकॅनिकने तर गाडीच्या बॉनेटला हात लावून तो हात कपाळाला लावला. त्याच्या आईचं ऑपरेशन बाबांनी केलं होतं. आमच्या नागपुरात त्या दिवसांत गाडीला भोक पाडू शकेल असा माणूस शोधायचा, तर बाबांकडे कधीच न गेलेला माणूस शोधावा लागणार होता, आणि तो काही मला सापडेना. सगळे चांगलेच लोक. पण आईचं काम त्यांच्या चांगुलपणापाशी अडलं होतं, आणि मला त्या चांगुलपणाचा वीट आला.

शेवटी रविवारी दुपारी जेवणं उरकल्यावर मी प्रयोगशाळेतली करवत, कानस आणि कंपासपेटी घेऊन गॅरेजमध्ये शिरले. आई जुनं वर्तमानपत्र आणि कुंचा घेऊन मागून आली. मी पत्र्यावर खडूने चौकोन आखला. करवत टेकवली आणि हात थांबला. खोटं कशाला बोलू, मला बाबांचं खाकरणं आठवलं.

"काय झालं?" आईने विचारलं.

"काही नाही."

"दे इकडे," म्हणून तिने करवत घेतली आणि खडूच्या रेघेवर पहिला कट तिनेच मारला. वाकडा गेला. तो वाकडेपणा नंतर मला कानशीने काही नीट करता आला नाही. मग मी करवत परत घेतली आणि दोघींनी मिळून ते काम तडीस नेलं. ती कीस झाडत होती, मी कापत होते. कापता कापता ती गुणगुणत होती.

खरी अडचण पुढे होती. नव्या गाड्यांत बॅटरीची मायनस बाजू गाडीच्या पत्र्याला जोडलेली असते, आणि सगळे स्टिरिओ तसेच बनवतात. आमच्या जुन्या गाडीत उलटं. प्लस बाजू पत्र्याला. म्हणजे स्टिरिओचं लोखंडी अंग गाडीच्या अंगाला कुठेही टेकलं, की ठिणगी. सून चांगली, घर चांगलं, पण दोघांनी एकमेकांना शिवायचं नाही, असा प्रकार. मी सायकलची जुनी ट्यूब कापून भोकाच्या चारी कडांना रबर लावलं, स्टिरिओला मागून लाकडाची चौकट केली, तारा उलटसुलट करून नीट झाळल्या आणि मध्ये फ्यूज घातला. स्टिरिओचं तोंड डॅशबोर्डच्या बोटभर बाहेर राहिलं. दिसायला बेढबच होतं. आईने कॅसेट आत ढकलली, गाणं सुरू झालं, आणि ती गॅरेजमध्येच गाडीचं दार लावून अख्खी कॅसेट ऐकत बसली. उकाड्याने मी बाहेर आले. ती आली नाही.

पुढचे दोन महिने आम्ही रोज संध्याकाळी निघायचो. अंबाझरी, फुटाळा, कधी कळमेश्वरच्या रस्त्याने तिच्या माहेरापर्यंत आणि परत. काचा खाली. आई स्टिरिओच्या वर आवाज लावून गायची. ती चांगली गायची, हे मला तेव्हा पहिल्यांदा धड कळलं, आणि इतकी वर्षं कळलं नाही म्हणून मला वाईट वाटलं. धंतोलीतून जाताना पानठेल्यावरची माणसं सवयीने उभी राहायची, मग गाणं ऐकून काय करावं न सुचून खाली बसायची.

बातमी काकांपर्यंत पोचणारच होती. ते एकदा घरी आले, गॅरेजमध्ये गेले, भोक बघितलं आणि परत घरात येऊन बसले.

"वहिनी," मग ते म्हणाले, "लोक बोलून राहिले. डॉक्टरीणबाई गाणे लावून फिरून राहिल्या म्हणतात. वरीस झालं नाही का नुकतंच."

"झालं नं भाऊजी. म्हणूनच फिरतो," आई म्हणाली आणि त्यांना पोहे दिले.

माझ्याकडे वळून ते म्हणाले, "तुले तरी समजाले पायजे होतं. दादाची वस्तू होती. आता पोर्चमंदी हे भोक दिसन." मी म्हटलं, पोर्चमध्ये दिसणार नाही, कारण गाडी पोर्चमध्ये जाणार नाही. काका पोहे अर्धे टाकून गेले. दसऱ्याचं बघू, एवढं म्हणाले.

दसऱ्याला सकाळी ते आले, सोबत दवाखान्यातला कंपाउंडर, शेजारची दोन घरं. गाडी अंगणात धुवून उभी होती. बॉनेटवर झेंडूचा हार, काचेखाली कुंकवाचं स्वस्तिक, चारी चाकांखाली लिंबं. पूजा दरवर्षी बाबा करत. आता घरात मोठे म्हणून काकांनी केली. आई रीतीप्रमाणे व्हरांड्यात उभी होती. विधवेने कुंकवाच्या ताटाला हात लावू नये, हे तिला कोणी सांगितलं नाही, पण ताट सगळ्यांच्या हातांतून फिरलं आणि तिच्यापर्यंत आलं नाही. मी ते बघत होते आणि दात आवळून उभी होते.

काकांनी नारळ फोडला. मग आत वाकून डॅशबोर्डच्या वरच्या पट्टीवर विडा ठेवला. दोन पानं, त्यावर सुपारी आणि हळदीकुंकवात भिजलेलं रुपयाचं नाणं. दरवर्षी बाबा तिथेच ठेवत, म्हणून त्यांनीही तिथेच ठेवला. मधोमध, बरोबर स्टिरिओच्या डोक्यावर.

"चल, लिंबं फोड," ते मला म्हणाले.

मी बसले, किल्ली फिरवली. व्हरांड्यातून आईने मला बोटाने खूण केली आणि मी तिची कॅसेट लावली. काकांच्या कपाळाला आठी पडली. मी गाडी गिअरमध्ये टाकली, चाकांखाली लिंबं फुटली, गाडीला गचका बसला, ओलं नाणं पानावरून घसरलं आणि स्टिरिओ व डॅशबोर्ड यांच्या मधल्या फटीत जाऊन अडकलं. चट् असा आवाज झाला. निळी ठिणगी, रबर जळाल्याचा वास, आणि गाणं अर्ध्या शब्दावर बंद.

कंपाउंडरने हात जोडले.

"पाहा," काका हळू आवाजात म्हणाले. त्यांचे डोळे खरोखरच भरून आले होते, ते नाटक नव्हतं. "दादाले नाही पटलं, वहिनी. आजच्या दिवशी सांगतलं त्यानं. आता ते काढून टाका अन् गाडी माह्यासंगं येऊ द्या."

मी गाडी बंद केली, चिमट्याने नाणं बाहेर काढलं आणि त्यांच्यासमोर धरलं. ते एका कडेला काळं पडलं होतं. मी म्हटलं, काका, हे बाबांनी नाही केलं, तुमच्या नाण्याने केलं. लोखंडाला लोखंड जोडलं गेलं, फ्यूज उडाला, आत काही बिघडलेलं नाही. मी प्लस सांगितलं, मायनस सांगितलं, रबर दाखवलं. शेजारच्या काकू माझ्याकडे दयेने बघत होत्या.

"नाणं निमित्त असते, बाई," काका म्हणाले. "पण करणारा कोण?"

मी पुन्हा पहिल्यापासून समजवायला तोंड उघडलं, तेवढ्यात आई व्हरांड्याच्या पायऱ्या उतरून खाली आली. तिने माझ्या हातातलं नाणं घेतलं, बघितलं आणि पूजेच्या ताटात ठेवून दिलं.

"पोरगी म्हणते ते खरं असन, भाऊजी म्हणतात तेही खरं असन," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "त्यायले नसन पटलं. जिते होते तवाही त्यायले नव्हतं पटत, अन् मी ऐकत गेली. त्यायचं सारं ऐकलं मी, भाऊजी, तुम्ही पाह्यलं आहे. आता नाही ऐकत."

आई काकांच्या बाजूने पुढे गेली, गाडीचं दार उघडून बसली आणि मला म्हणाली, "फ्यूज टाक वं."

मी फ्यूज घातला. सगळे उभेच होते. गाणं तुटल्या शब्दापासून पुढे सुरू झालं. आईने पदर सावरला, जरा पुढे वाकून स्टिरिओकडे बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "अन् आवाज वाढवाचं बटन कोणतं?"

मी दाखवलं. तिने ते फिरेल तिथवर फिरवलं.