मामाची नोटीस

महाड-पोलादपूरकडची जेवढी पोरं आजवर शिकली, त्यातली निम्मी त्यांच्या आईबापांनी शिकवली आणि निम्मी माझ्या मामाने, असं मी म्हटलं तर तुम्ही हसाल. हसा खुशाल. माझा हा मामा स्वतः दहावीला गणितात गचकला आणि शाळेला रामराम ठोकून मोकळा झाला. पुढे महाडच्या एका कॉलेजात शिपाई म्हणून चिकटला आणि निवृत्त होईपर्यंत तिथल्या फळ्यावर नोटिसा लावत राहिला. पण फळ्यावर नोटीस लावली म्हणजे ती पोचली, हे काही त्याला पटलं नाही. "भिंतीला काय परीक्षेला बसायचं हाय?" असं तो प्राचार्यांनाच विचारायचा. त्यामुळे शिष्यवृत्तीची नोटीस आली की एक प्रत फळ्यावर जायची आणि दुसरी त्याच्या खाकी पिशवीत. संध्याकाळी पोलादपूरला घरी जाताना हा मधल्याच एखाद्या गावी एसटीतून उतरायचा, नेमकं दार शोधून काढायचा, नोटीस त्या पोराच्या हातात द्यायचा आणि मोठ्याने वाचायला लावायचा. वाचून झालं की विचारायचा, "काय समजलं?" समजलं नसेल तर पुन्हा पहिल्यापासून. एकदा तर एका पोराच्या हळदीच्या मांडवात शिरून त्याने अर्जावर सही घेतली होती. पिवळ्या बोटांच्या ठशांसकट तो अर्ज मंजूर झाला, हे मामा अजून छाती फुगवून सांगतो.

फोटोंचं त्याचं वेड तर विचारूच नका. कुणाकडे पाहुणा म्हणून गेला तरी पाण्याचा तांब्या तोंडाला लावायच्या आधी म्हणणार, "दोन फोटो देऊन ठेव." पासपोर्ट साइजचे हे फोटो तो बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवतो. अर्जाची मुदत संपत आलेली असते आणि फोटोवाल्याचं दुकान नेमकं त्याच दिवशी बंद असतं, असा त्याचा सिद्धांत आहे. सगळ्या खोऱ्यातली तरुण मंडळी त्या डब्यात डोळे वटारून बसलेली आहेत. आमच्या नात्यातली दोन लग्नंही त्या डब्यातूनच जमली. त्यातल्या एका नवऱ्याला बायको फोटोपेक्षा बरी निघाली म्हणून तो आजही मामाच्या पाया पडतो.

निवृत्तीनंतर नोटिसा मोबाईलवर आल्या, पण मामा काही बदलला नाही. "मोबाईलवरचं लोक बघतात, वाचत नाय," हे त्याचं म्हणणं. आठवड्यातून दोनदा तो महाडला कॉलेजात जातो, फळा बघतो, प्रती काढून आणतो आणि पोलादपूर स्टँडसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात बसून कुठली नोटीस कुणाची ते ठरवतो. म्हणून तर मी निर्धास्त होते.

माझं एम.एस्सी. झालं होतं. मुंबईला विद्यापीठात पीएच.डी.साठी प्रवेशही मिळाला होता, पण तिथे राहायचं-खायचं कशावर? बाबा एमआयडीसीत पाळीवर जाणारे. त्यांनी सरळ सांगितलं, "फेलोशिप मिळाली तर खुशाल जा. नाय तर एक तारखेपासून कंपनीच्या लॅबमध्ये लाग. मी शब्द टाकून ठेवलाय." त्याच वर्षी आमच्या, म्हणजे मामाच्याच, कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांनी संशोधनाला जाणाऱ्या एका मुलासाठी किंवा मुलीसाठी फेलोशिप सुरू करायचं ठरवलं होतं. नोटीस लागली की मामा आणून देईलच, म्हणून मी निवांत वाट बघत बसले. मामा दोनदा घरी येऊन गेला, घावणे खाऊन गेला, माझे आणखी दोन फोटो घेऊन गेला. नोटिशीचं मात्र नाव नाही.

मग एका दुपारी शेजारची सायली तणतणत आली. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला ती दुसऱ्यांदा आपटली होती. "ताई, तुझ्या मामाला जरा समजाव गो! मी नापास झाले तर हे माझ्या हातात काय देऊन गेलेत बघ. वर वाचायला लावलं, काय समजलं म्हणून विचारलं!" बघते तर तीच फेलोशिपची नोटीस. मुदत त्याच दिवशी, संध्याकाळी पाचपर्यंत.

माझं डोकंच फिरलं. फोटो सगळे मामाच्या डब्यात, म्हणून नोटीस आणि कागदपत्रांची फाईल उचलून मिळेल त्या गाडीने आधी पोलादपूर गाठलं. मामा झेरॉक्सच्या दुकानात चहा पीत होता.

"मामा, ही नोटीस मला का नाही दिलीस?"

"तुला कशाला गो?" तो खरोखरच चकित झाला. "तू फस्क्लास. ही फेलोशिप हाय."

"मग?"

"मग काय मग! फेल-ओ-शिप. फेल झालेल्या पोरांची. असला कागद तुझ्या हातात द्यायचा म्हंजे अपशकुन गो!"

हसावं की रडावं तेच कळेना. आजवर आलेली प्रत्येक फेलोशिपची नोटीस हा माणूस इमानेइतबारे नापास पोरांच्या घरी पोचवत आला होता! भर दुकानात, चार लोकांसमोर मी त्याला खरा अर्थ सांगितला, आणि चांगलाच आवाज चढवून सांगितला. त्याचा चेहरा एवढासा झाला. मग त्याने घड्याळ बघितलं, माझी फाईल काखोटीला मारली आणि समोरून निघालेल्या महाडच्या गाडीला हात केला. गाडीत मी नोटिशीमागचा अर्ज भरला, त्याने खाकी पिशवीतल्या डब्यातून माझा फोटो काढून चिकटवला. कॉलेजात पोचलो तर नवा शिपाई म्हणाला, "साहेब उठले."

"साहेब उठले असतील, खुर्ची तर हाय ना?" मामा कडाडला. "कागद घे, आवक नंबर टाक. अजून पाच वाजायचेत." नंबर पडला.

महाडच्या स्टँडवर मामाने दोन चहा सांगितले. कप हातात घेऊन म्हणाला, "म्हंजे नापासांसाठी कायच नाय का गो?"

मी माझा कप खाली ठेवला.

"माझ्या टायमाला नव्हतीच," तो म्हणाला. "म्हटलं, आता तरी कुणाला सुचलं."

दुकानात चढवलेल्या आवाजाची मला तेव्हा फार लाज वाटली. अजूनही वाटते.

फेलोशिप मला मिळाली. मी मुंबईला आले. पहिले पैसे हातात पडले तेव्हा मी मामाला फोन करून सांगितलं की दर वर्षी आपल्याकडच्या एका नापासाची परीक्षा फी माझ्याकडून, नोटीस तू काढ. त्याने काढली. झेरॉक्सच्या दुकानाच्या दारावर त्याच्या किरट्या अक्षरात ती अजून आहे: 'फेलोशिप. पात्रता: नापास. दोन फोटो आणावेत.' पहिल्या वर्षी सायलीने अर्ज केला आणि ती पास होऊन सुटली.

यंदाचा अर्ज मामाने मला टपालाने पाठवला. दहावी, बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म, विषय गणित. सोबत दोन फोटो: एक मिसरूडही न फुटलेल्या मुलाचा, कडेने पिवळा पडलेला, आणि एक मागच्या आठवड्यात काढलेला. दोन्हींत मामा सारखाच घाबरलेला दिसतो. मी लगेच फोन लावला. मामा हळूच म्हणाला, "वयाची अट तू घातलेली नाय गो. मी नोटीस दोनदा वाचली."