डावीकडे पळणारी चीर

जुने कारागीर देवमाणसं होती, असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. असं म्हणणारा बहुतेक कधी कुठल्या कारागिराच्या दारात तासभर उभा राहिलेला नसतो. मी राहिलोय. शिरूरच्या एका शिकलगाराच्या दारात मी सात वर्षं बोलणी खाल्ली आणि सातही वर्षं चाकू मात्र त्याच्याकडूनच घेतला. असा खडूस, तोंडाळ, माणूसघाणा म्हातारा मी दुसरा पाहिलेला नाही. त्याचं कौतुक करायला मी हे लिहीत नाही.

मी तेव्हा प्राथमिक शाळेत मास्तर होतो. गाव असं अडनिड्या जागी, की शिरूरला जायचं तरी एस.टी.त तास मोडायचा आणि दौंडला जायचं तरी तेवढाच. आणे जाऊन नवे पैसे आले होते, पण बाजारात भाव अजून आण्यातच सांगायचे. शाळेत पोरं बोरूनं कित्ता गिरवायची. चाळीस पोरं म्हणजे चाळीस बोरू, आणि ते रोज बोथट व्हायचे. बोरू तासणं हे मास्तराचं काम. आधी तिरका काप, मग पोटाकडून खरवडून पातळ करायचं, मग टोकाला मधोमध बारीक चीर द्यायची. त्या चिरेतून शाई उतरते. चीर मधोमध असली तर अक्षर स्वच्छ येतं, बाजूला गेली तर जाड रेघेच्या एका कडेला केसासारखी दुसरी रेघ सुटते. एवढ्यासाठी चाकू चांगला लागायचा, आणि मिटणारा लागायचा, कारण तो सदऱ्याच्या खिशात घेऊन वर्गभर फिरायचं असे.

तालुक्यातले बहुतेक मास्तर या शिकलगाराकडचा चाकू वापरायचे. माझे वडीलही मास्तर, तेही त्याचाच वापरायचे. बारा आण्याचा चाकू. बाभळीची मूठ, जुन्या कानशीचं पातं, एक पितळी खिळा. दिसायला काळाकुट्ट, पण धार अशी की वर्ष वर्ष बघायला नको. पातं झिजलं की तो नवा चाकू द्यायचा नाही. जुनी मूठ आणा, पातं बदलून देतो, म्हणायचा, आणि पैसे मात्र पुरे बारा आणेच घ्यायचा. मूठ हरवली म्हणालात तर तुमच्यावर चोरीचा आळ घेतल्यासारखा बघायचा.

आणि त्याची आणखी एक खोड होती. मास्तर लोकांना तो पातं बसवल्यावर लगेच चाकू देत नसे. बोरूचा एक तुकडा पुढे टाकायचा आणि म्हणायचा, "तासून दावा." आपण तासायचं, त्यानं तो बोरू डोळ्यापाशी नेऊन बघायचा, आणि मग चारचौघांत निकाल सांगायचा. स्वतःला अक्षरओळख नव्हती. सही म्हणून अंगठा उठवायचा. आणि तालुक्याच्या मास्तरांची परीक्षा घ्यायचा हा!

माझी चीर डावीकडे पळायची. पहिल्या वर्षापासून. मी म्हणायचो, "चाचा, पातं वाकडं आहे." तो म्हणायचा, "पातं सरळ हाय. तुमचा हात वाकडा हाय." सात वर्षं आमचं एवढंच बोलणं झालं म्हटलं तरी चालेल. दर वेळी मी तावातावानं परत यायचो, पुन्हा त्याचं तोंड बघणार नाही म्हणायचो आणि पातं झिजलं की पुन्हा जायचो. मध्ये दोनदा दौंडहून दुसरा चाकू आणून पाहिला. एक आठवड्यात डुगडुगायला लागला, दुसऱ्याचं पातं पेन्सिलीवरच दुमडलं. त्यामुळे माझी निष्ठा ही निष्ठा वगैरे काही नव्हती. दुसरीकडे धड वस्तू मिळत नव्हती, एवढंच. त्याचाही मला राग यायचा.

त्याचं घर बाजारपेठेमागच्या बोळात, नदीकडे उतारावर. पुढे दुकान, मागे राहायची खोली. धारेचं चाक मोठं होतं, त्याच्या आसाला चामड्याचा पट्टा. एकानं समोर बसून पट्टा ओढत राहायचं तेव्हा चाक फिरणार, आणि दुसऱ्यानं पातं धरायचं. एकट्यानं होणारं काम नव्हतं ते. पूर्वी पट्टा त्याचा मुलगा ओढायचा. पण मास्तरांच्या चाकूंवर आणि बायकांच्या विळ्यांवर दोन संसार कसे चालणार? मुलगा दौंडला रेल्वेत लागला, इंजिनाच्या शेडमध्ये कोळशाच्या कामावर. तेव्हापासून पट्टा त्याची बायको, आमची चाची, ओढायची. साठीची बाई, दम्याची. दहा वेळा ओढायची, थांबायची, खोकायची, पुन्हा ओढायची. म्हातारा पातं हातात धरून तसाच बसून राहायचा, तिच्याकडे न बघता.

त्या वर्षी अशी बातमी आली की तालुक्यातल्या सगळ्या शाळांना वरून चाकू मिळणार. ठेका एकालाच. दौंडच्या एका व्यापाऱ्यानं मागणी केली होती. त्याचा माल रेल्वेनं यायचा, कुठून यायचा कोण जाणे. आणि कुणीतरी शिकलगारालाही अर्ज करायला लावलं होतं. तो अर्ज मीच लिहून दिला. हो, मीच. त्या दिवशी पहिल्यांदा तो माझ्याशी माणसासारखा बोलला.

"मास्तर, हे काम गावलं तर पोरगं म्हागारी येतंय," तो म्हणाला. "आलं हुतं रजेला. म्हनलं, वरीसभराचं काम दाखवा, कोळसा सोडतो. हिला आता पट्टा वढवत न्हाई."

आत चाची खोकत होती. मी म्हणालो, "मिळेल चाचा, का नाही मिळणार." मनापासून म्हणालो.

आणि पुढच्याच बाजारादिवशी त्यानं माझी अब्रू काढली. दुकानात पाच-सहा मास्तर होते. माझ्या अक्षराचं तालुक्यात नाव होतं, दरवर्षी केंद्रशाळेतले सुविचार मीच रंगवायचो, हे त्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं. मी तासलेला बोरू त्यानं सगळ्यांना फिरवून दाखवला. "बघा, हे म्हनं लई मोठ्ठं अक्षर काढत्यात. याच्यापरीस ह्यांची पोरं सरळ तासत असतील!" सगळे हसले. एक जण तर मांडीवर थापा मारून हसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी चाकू खिशात टाकला आणि एस.टी.त जाऊन बसलो. घरी बायकोनं काय झालं विचारलं, तिच्यावरही खेकसलो.

आठ-दहा दिवसांनी दिपोटीसाहेबांचा निरोप आला. शाळा तपासायला येणाऱ्या साहेबाला आम्ही सगळे दिपोटीच म्हणायचो. त्यांनी पाच मास्तरांना केंद्रशाळेत बोलावलं होतं, त्यात मी. टेबलावर दोन्हीकडचे नमुने मांडलेले. दौंडचा चाकू चकचकीत, लाल मूठ, पात्यावर फूल कोरलेलं. शेजारी आमच्या म्हाताऱ्याचे काळे. साहेब म्हणाले, "दोन्ही वापरून बघा आणि अभिप्राय लिहून द्या. नाव घालू नका. उगाच कुणाच्या मनात किल्मिष नको."

आम्ही बोरू तासले, माझी चीर पुन्हा डावीकडेच पळाली. माझ्या शेजारी वरवंडकडचे एक मास्तर होते, शांत माणूस. त्यांनी म्हाताऱ्याचा तोच चाकू घेतला जो मी आत्ता खाली ठेवला होता, आणि चीर दिली. मधोमध. केसभरही इकडे-तिकडे नाही. त्यांनी दुसरा बोरू घेतला, पुन्हा मधोमध. मी ते डोळ्यांनी पाहिलं. सात वर्षं चाललेल्या भांडणाचा निकाल तिथंच लागला. पातं सरळ होतं.

खरं सांगायचं तर तेव्हाच माझा राग दुप्पट झाला. म्हातारा बरोबर निघाला म्हणूनच झाला. आणि मी लिहिलं. पात्यांत सारखेपणा नाही, मूठ ओबडधोबड, मुलांच्या हाती देण्याजोगा नाही, आणि चीर नेहमी एका बाजूला जाते. शेवटचं वाक्य धडधडीत खोटं होतं, आणि लिहिताना ते मला माहीत होतं. पट्टा ओढणारी चाची मला आठवली नाही असंही नाही. आठवली. तरी लिहिलं.

बाकीच्या चौघांनी निबाच्या टाकानं लिहिलं, एकानं तर पेन्सिलीनंच खरडलं. मी आत्ताच तासलेल्या बोरूनं लिहिलं. साहेबांच्या हातात कागद जाणार, म्हणजे अक्षर बघण्यासारखं हवं ना! नाव न घालता दगाबाजी करतानासुद्धा माझी ही हौस सुटली नाही. इतका मूर्ख मीच.

ठेका दौंडच्या व्यापाऱ्याला गेला. माझ्या एका कागदानं गेला असं नाही, बाकीच्यांनी काय लिहिलं ते मला ठाऊक नाही, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत राहिलो. लाल मुठीचे चाकू आले. दिवाळीपर्यंत निम्म्यांचे खिळे निखळले, एका पोराच्या बोटावर पातं मिटलं, आणि मास्तर लोक पुन्हा आपापले काळे चाकू खिशातून काढायला लागले. कुणीही एका शब्दानं म्हणालं नाही की आपण चुकलो. हा चाकू अभिप्रायाच्या दिवशी चकचकीत दिसत होता, एवढं म्हणून सगळे मोकळे झाले. मला त्या सगळ्यांचा राग आला, जसा काही मी त्यांच्यात नव्हतोच.

माझं पातं झिजून काडीसारखं झालं, तरी मी शिरूरला जायचं टाळत होतो. फाल्गुनात शेवटी गेलो. बोळात शिरलो तर चाकाचा आवाज नाही. म्हातारा दारात बसलेला, पुढे पाच-सहा विळे तसेच पडलेले. चाची आतल्या बाजेवर निजली होती, तिच्या श्वासाची घरघर दारापर्यंत ऐकू येत होती.

मी मूठ पुढे केली. त्यानं नवं पातं बसवलं, खिळा ठोकला, आणि नेहमीसारखा बोरूचा तुकडा पुढे टाकला. "तासून दावा."

मी तासला. त्यानं तो डोळ्यापाशी नेला. मग उठून कोनाड्यातून एक चुरगळलेला कागद काढला आणि गुडघ्यावर घासून सरळ केला. माझा अभिप्राय. परत पाठवलेले नमुने कचेरीतल्या कुठल्याशा शिपायानं हाताला लागलेल्या कागदात गुंडाळून दिले होते, त्यातला हा. म्हाताऱ्यानं माझा बोरू शाईत बुडवला, कागदाच्या कोऱ्या कोपऱ्यात एक उभी जाड रेघ ओढली आणि तो कोपरा माझ्यापुढे धरला. रेघेच्या डाव्या कडेला केसासारखी दुसरी रेघ. वर माझ्या अक्षरात ओळीमागून ओळ, आणि प्रत्येक जाड रेघेला तोच केस.

"मला वाचता येत न्हाई," तो म्हणाला. "काय लिवलंय ते वाण्यानं वाचून दावलं. कुनी लिवलंय ते मला इचारावं लागलं न्हाई."

चुकलो म्हणावं, पाय धरावे, निदान उठून जावं, यातलं काहीच जमलं नाही. मला वाटलं तो आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर फार बरं झालं असतं. त्यानं चाकाकडे बोट केलं.

"पट्टा वढा."

मी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि त्याच्या मुलाच्या जागेवर बसलो. ओढायला लागलो. चाक जड होतं, दहा-बारा वेळांतच माझे दंड भरून आले. चाची हे वर्षानुवर्षं ओढत होती. म्हाताऱ्यानं माझ्याच चाकूचं पातं धरलं, ठिणग्या उडाल्या. तो पात्याची एकच बाजू घासत होता, दुसरी नाही. मधे मधे थांबून डोळा बारीक करून बघायचा आणि पुन्हा म्हणायचा, "वढा." शेवटी त्यानं पातं पाण्यात बुडवलं, पुसलं आणि बोरूचा नवा तुकडा माझ्याकडे टाकला.

मी चीर दिली. ती मधोमध गेली. आयुष्यात पहिल्यांदा.

"पातं सरळच हुतं, मास्तर," तो म्हणाला. "आता तुमच्या हातापरमानं वाकडं केलंय. घेऊन जावा. आता कायबी लिवा, कुनाला वळकू येनार न्हाई."

मी बारा आणे पुढे केले. ते त्यानं घेतले, त्या दिवशीही आणि तेवढेच.

पुढच्या पावसाळ्यात चाची गेली. म्हातारा दुकानाला कुलूप लावून मुलाकडे दौंडला राहायला गेला. नंतर दौंड स्टेशनवर मला तो एकदा दिसला, बाकावर बसलेला, हात रिकामे. मी गाडीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन चढलो. त्याचा राग मला अजूनही येतो. मला माफ केलं असतं तर मी केव्हाच विसरलो असतो, आणि त्या खडूसाला ते पक्कं ठाऊक असणार.

चाकू अजून घरात आहे. बोरू कधीच गेले, आता त्यानं फळं कापतात, किंवा कापायला बघतात. बायको म्हणते, या चाकूनं पेरूची फोड सरळ येतच नाही. मुलगा म्हणतो, फेकून द्या, पातं वाकडं आहे. सून तर त्याला हातही लावत नाही. मग कुणीतरी तो माझ्याकडे देतं, आणि माझ्या हातात तो अगदी सरळ चालतो.